पहिला गेमिंग पीसी, बजेट टाइट: माझी लिस्ट बघा आणि काय चुकतंय ते सांगा

अर्धवट_लोड

नमस्कार मंडळी. आत्तापर्यंत लॅपटॉपवरच खेळत आलोय, तोही असला की गेम सुरू केला की पंखा बोंबलायला लागतो आणि कीबोर्डवर हात ठेववत नाही. आता स्वतःचा पीसी असेंबल करायचाय, आयुष्यात पहिल्यांदा. बजेट कमी आहे आणि ते वाढणार नाही हे आधीच सांगून ठेवतो, कारण मागे एका मित्राला विचारलं तर तो "एवढे टाकतोयस तर अजून थोडे टाक" करत करत मला दुप्पट रकमेवर घेऊन गेला.

भाव प्रत्येकाकडे वेगळे असतात म्हणून रक्कम न सांगता वाटे सांगतो. समजा माझ्याकडे एकूण १०० आहेत. त्यातले २४ आय७ १२७००एफ प्रोसेसरला, ८ लिक्विड कूलरला, १६ झेड६९० मदरबोर्डला, १० रॅमला (१६ जीबीची एकच स्टिक, लाइटवाली), ६ एसएसडीला ५१२ जीबीच्या, १९ आरटीएक्स ३०५० ६ जीबी ग्राफिक्स कार्डला, १३ कॅबिनेटला, पुढे काच आहे आणि सहा आरजीबी पंखे सोबत येतात, आणि उरलेल्या ४ मध्ये एसएमपीएस (सगळ्यांना वीज पुरवणारा डबा), ७५० वॅट लिहिलंय त्याच्यावर.

मॉनिटर भावाचा जुना मिळतोय, १०८०पी १४४ हर्ट्झ, त्यामुळे तो खर्च नाही. माऊस कीबोर्ड आहेत. रोज व्हॅलोरंट आणि सीएस२, आणि सुट्टीच्या दिवशी सायबरपंक, जीटीए ५ वगैरे.

माझा हिशोब असा की प्रोसेसर एकदा दणकट घेतला की पाच-सहा वर्षं बघायला नको, कार्ड काय नंतर बदलता येतं. बरोबर आहे ना?

पंखा_फुल_स्पीड

भावा राग मानू नकोस पण ही लिस्ट खेळण्यासाठी नाही, टेबलावर ठेवून बघत बसण्यासाठी केल्यासारखी वाटतेय. प्रोसेसर आणि त्याला गार ठेवणं यावर ३२, आणि जे गेम प्रत्यक्ष चालवणार त्या कार्डवर १९. उलटं कर.

थर्मल_पेस्ट

वरचं बरोबर आहे, पण नुसतं "उलटं कर" म्हणून पहिल्यांदा बनवणाऱ्याला काय कळणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघायचं. गेमच्या प्रत्येक फ्रेमसाठी दोघं राबतात. कोण कुठे उभं आहे, गोळी लागली की नाही, या फ्रेममध्ये काय काय दाखवायचंय हे प्रोसेसर ठरवतो आणि मग कार्ड ते चित्र रंगवतं. ६० हर्ट्झवर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, तुझ्या १४४ वर जेमतेम ७. या वेळात जो मागे पडेल त्याच्या चालीने गेम चालणार, दुसरा कितीही तगडा असला तरी तो हात बांधून वाट बघणार. सायबरपंकमध्ये तुझं ३०५० कायम १०० टक्क्यांवर धापा टाकत असेल आणि शेजारी आय७ निवांत. त्याला १२ कोर आहेत, ८ मोठे ४ छोटे, गेमला एवढ्यांचं काय करावं हेच कळत नाही. व्हॅलोरंट आणि सीएस२ चं गणित वेगळं आहे हे मान्य, तिथे कार्डपेक्षा प्रोसेसर महत्त्वाचा, पण तिथेही चांगले ६ कोर असले की १४४ च्या वर आरामात जातं.

आता ३०५०. या नावाची दोन वेगळी कार्डं आहेत हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिलं ८ जीबीचं, १२८ बिट बसवालं (बस म्हणजे कार्डच्या चिपपासून त्याच्या मेमरीपर्यंतचा रस्ता). मग २०२४ मध्ये ६ जीबीचं आलं, त्यात बस ९६ बिटची केली आणि कोर २५६० वरून २३०४ वर आणले. म्हणजे नुसती मेमरी कमी केलेली नाही, कार्डच मंद आहे, नाव मात्र तेच. त्याचा एक खरा गुण आहे, ७० वॅटच खातं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ज्याच्याकडे आधीच एखादा जुना डबा आहे आणि त्यातला एसएमपीएस बदलता येत नाही त्याने जरूर घ्यावं. तू सगळंच नवीन घेतोयस, तू का घेतोयस?

बोर्डचं तर नाकापेक्षा मोती जड झालंय. झेड बोर्डला जे जास्तीचे पैसे जातात ते मुख्यतः ओव्हरक्लॉकिंगसाठी (प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला), आणि १२७००एफ च्या नावात 'के' नाही, म्हणजे मल्टिप्लायर लॉक आहे, म्हणजे ते पैसे पाण्यात. रॅमची एकच स्टिक घेतलीस तर सिंगल चॅनल चालणार, दोन स्टिक लावल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायचा रस्ता दुप्पट रुंद होतो. १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घे, लाइट नसली तरी चालेल.

मी असते तर: रायझन ५ ५६०० ला १५ (कूलर डब्यातच येतो, पेस्ट लावलेली असते, लिक्विडचे ८ वाचले), बी५५० बोर्ड १२, रॅम ८ च्या दोन डीडीआर४ ३२०० ला ११, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी ९, एसएमपीएस ९, साधं जाळीवालं कॅबिनेट ७. बेरीज ६३. राहिले ३७, ते सगळे कार्डला. ३७ मध्ये आरएक्स ७६०० किंवा आरटीएक्स ४०६० पैकी जे बसेल ते, नाहीच बसलं तर आरएक्स ६६००, तेसुद्धा ३०५० ला मागे टाकतं.

आणि त्या ४ वाल्या एसएमपीएसबद्दल मी काही लिहीत नाही, कोणीतरी येईलच :)

वॅट_मोजा

आलो.

७५० हा आकडा स्टिकरवर कोणीही छापू शकतं. डब्याच्या बाजूला एक तक्ता असतो तो वाच. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपियर लिहिलेत ते बघायचं. ३५ असतील तर ३५ गुणिले १२ म्हणजे ४२० वॅट, हीच तुझी खरी कमाई, बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये १२ व्होल्टवर जवळजवळ सगळे ५५० मिळतात. म्हणजे चांगला ५५० वाला या ७५० वाल्यापेक्षा मोठा आहे!

८० प्लस ब्राँझ, गोल्ड हे शिक्के बघून लोक हुरळून जातात, ते फक्त वीज किती वाया जाते ते सांगतात. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झालं तर वेळेवर बंद होतो का, याच्याशी त्या शिक्क्याचा थेट संबंध नाही. म्हणून ज्या मॉडेलची कोणीतरी उघडून, लोड टाकून टेस्ट केलीय आणि वॉरंटी किमान पाच वर्षं आहे असंच मॉडेल घे.

तुझा हिशोब: ५६०० कागदावर ६५ वॅटचा, प्रत्यक्षात ७५-८० पर्यंत जातो. आरएक्स ७६०० घेतलंस तर १६५. बोर्ड रॅम एसएसडी पंखे मिळून ५० धर. ३०० च्या आत. पण कार्ड क्षणभरासाठी एकदम उसळी मारतं, काही मिलिसेकंदच, आणि कच्चा एसएमपीएस तिथेच मान टाकतो, मग ऐन मॅचमध्ये पीसी फट्‌कन बंद आणि तू विंडोजला शिव्या घालत बसणार. चांगला ५५० घे, पुढे कार्ड वाढवायचं मनात असेल तर ६५०. त्याच्या वर जायची गरज नाही.

अजून एक, हे माझ्यावर बेतलेलं आहे. मॉड्युलर एसएमपीएसच्या (ज्याच्या केबल काढता-घालता येतात) केबल एकमेकांत बदलायच्या नसतात. मी मागे नवीन एसएमपीएस आणला, जुन्या केबल कॅबिनेटमध्ये छान मागून ओवून बांधलेल्या होत्या, म्हटलं कशाला परत काढा, नुसता डबा बदलला, प्लग अगदी नीट बसले. बसणारच, प्लगचा आकार सारखा असतो पण एसएमपीएसच्या बाजूला कुठल्या पिनला किती व्होल्ट हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. बटण दाबलं, जळकट वास आला, हार्ड डिस्क गेली. आठ वर्षांचे फोटो होते त्यात. चूक माझीच, पुस्तिकेत लिहिलेलं होतं, वाचतं कोण.

सॉकेट_शोधक

थर्मल_पेस्ट ताईंची लिस्ट छान आहे पण एक मुद्दा राहतोय. एएम४, म्हणजे बोर्डवर ५६०० ज्या खाचेत बसतो ते सॉकेट, आता म्हातारं झालं. त्याने पाच-सहा वर्षं म्हटलंय, मग नव्या एएम५ वर का नको? रायझन ५ ७६०० किंवा ७५००एफ घ्यायचा, आणि तीन वर्षांनी त्याच बोर्डात नवीन प्रोसेसर टाकायचा. एएमडीने एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट म्हटलंय. मी स्वतः २०१७ मध्ये बी३५० बोर्ड घेतला, त्यात आधी रायझन ५ १६०० होता, आज त्याच बोर्डात ५८००एक्स३डी चालतोय. नुसतं बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं. असं दुसऱ्या कुठल्या सॉकेटवर झालंय सांगा.

शिवाय रायझन ७६०० मध्ये आत छोटंसं ग्राफिक्स असतं, कार्ड बिघडलं तरी स्क्रीन चालू राहते. ७५००एफ मध्ये नाही, ५६०० मध्येही नाही.

थर्मल_पेस्ट

मुद्दा खरा आहे आणि बजेट ११५ असतं तर मीही हेच सांगितलं असतं. पण १०० म्हणजे १०० हे त्याने पहिल्याच ओळीत सांगितलंय. एएम५ वर गेलं की बोर्ड महाग आणि रॅम डीडीआर५ च लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीची एवढी मागणी केलीय की रॅमचे भाव कुठच्या कुठे गेलेत. हा सगळा फरक येणार कुठून, तर कार्डच्या ३७ मधून. मग कार्ड २५ चं येणार आणि आपण फिरून तिथेच, दणकट पाया आणि वर पत्र्याचं छप्पर.

हां, कोणाकडे आधीच डीडीआर५ पडून असेल किंवा तो फक्त सीएस२ च खेळणार असेल तर एएम५ ला माझं मत.

सॉकेट_शोधक

मान्य. पण मग निदान बोर्ड बी५५० च घे, ए५२० किंवा बी४५० वर घसरू नकोस थोड्या पैशांसाठी. आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ४०६० दोन्ही कार्डं फक्त ८ पीसीआयई लेन (कार्ड आणि प्रोसेसरमधले डेटाचे रस्ते) वापरतात. बी५५० वर पीसीआयई ४.० मिळतं त्यामुळे ८ लेन पुरतात, ए५२० आणि बी४५० वर ३.० म्हणजे रस्ता निम्मा, आणि कार्डची ८ जीबी मेमरी भरली की सगळी ये-जा त्याच अरुंद रस्त्याने होते, तिथे मग गेम अडखळतो. याच कारणाने ५६०० च्या ऐवजी ५५०० पण नको, नाव जवळचं असलं तरी तो पीसीआयई ३.० च आहे आणि कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी.

आणि घेताना विचार की बोर्डवर बायोस कुठलं आहे. बी५५० आलं २०२० मध्ये, ५६०० आला २०२२ मध्ये, जुना स्टॉक असेल तर बोर्ड प्रोसेसरला ओळखणारच नाही. मागे फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर उत्तम, प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस टाकता येतं. पेनड्राइव्ह फॅट३२ करून घे.

जुनं_ते_सोनं

सगळे नवीन नवीन करताय, सेकंडहँडचा कोणी विचारच करत नाही. त्याच ३७ मध्ये वापरलेलं कार्ड एक पायरी वरचं येतं. आरटीएक्स ३०६० टीआय, आरएक्स ६७०० एक्सटी असली कार्डं बघ. ६७०० एक्सटीला तर १२ जीबी मेमरी आहे.

पंखा_फुल_स्पीड

आणि ती सगळी क्रिप्टो मायनिंगमध्ये दिवसरात्र भाजून निघालेली. आगीतून फुफाट्यात जायचा सल्ला आहे हा.

जुनं_ते_सोनं

हे एक ठरलेलं उत्तर असतं. इथेरियमचं कार्डवरचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं. त्यानंतर ती कार्डं लोकांनी एवढी वर्षं गेम खेळायला वापरलीत, जी मरायची होती ती मेली. मायनिंगवाले बरेचदा कार्डची पॉवर कमी करून चालवायचे, त्यात चिपपेक्षा पंखे आणि थर्मल पॅड झिजतात, आणि ते बदलता येतात. माझं स्वतःचं कार्ड तसलंच आहे, पंखे बदलले, पॅड बदलले, मजेत चालतंय.

फक्त डोळे झाकून घ्यायचं नाही. चालू पीसीत लावलेलं बघायचं, अर्धा तास लोड टाकायचा, तापमान आणि पंख्याचा आवाज बघायचा, स्क्रीनवर ठिपके चौकोन येतात का बघायचं. जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारा प्रोग्राम) उघडायचं, नाव बदललेली बनावट कार्डं फिरत असतात, ती बरेचदा तिथे पकडली जातात. मागचे सगळे पोर्ट एकेक करून तपासायचे. विकणारा "आत्ता लावून दाखवता येणार नाही" म्हणाला की उठायचं.

आणि कितीही स्वस्त मिळालं तरी जीटीएक्स वाली घेऊ नकोस. २०२४ चा इंडियाना जोन्सचा गेम आणि २०२५ चं डूम द डार्क एजेस हे दोन्ही कार्डात रे-ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांचा हिशोब करणारं) हार्डवेअर नसेल तर सुरूच होत नाहीत, सेटिंग लो करून उपयोग नाही. १०-सिरीजला तर नवीन गेमसाठीचे ड्रायव्हरसुद्धा ऑक्टोबर २०२५ नंतर यायचे थांबले. १०८० टीआय एके काळचं वाघ कार्ड, पण आता नको.

एसएमपीएस आणि एसएसडी मात्र कधीच वापरलेले घेऊ नकोस, हे मीसुद्धा सांगतो.

अर्धवट_लोड

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद. आय७ सोडताना जीव जड झाला पण सोडला. लिक्विड कूलर पण सोडला.

सेकंडहँडची भीती वाटते, मला ते ठिपके चौकोन ओळखता येतील असं वाटत नाही, त्यामुळे पहिला पीसी नवीनच घेतो. आरएक्स ७६०० बजेटमध्ये बसतंय, ४०६० थोडक्यात हुकतंय. आता शंका अशा की ८ जीबी मेमरी कमी पडेल का, सगळे १२-१६ म्हणतात. इंटेलचं आर्क बी५८० पण दिसतंय, १२ जीबी आहे त्याला, ते का नको? आणि ते काचेचं कॅबिनेट खरंच वाईट आहे का, मला खूप आवडलंय ते.

थर्मल_पेस्ट

८ जीबी आजच्या घडीला १०८०पी ला चालतं पण टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) अल्ट्रावर टाकून मिरवता येणार नाही, काही नव्या गेममध्ये हाय किंवा मीडियम ठेवावं लागेल. मेमरी कमी पडली की सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीकच दिसतो, फक्त मध्येच गचके बसतात, किंवा टेक्स्चर चिखलासारखी दिसायला लागतात. असं झालं तर बाकी सगळं राहू दे, आधी फक्त टेक्स्चर एक पायरी खाली आण. १४४०पी चा मॉनिटर पुढे घ्यायचा विचार असेल तर आत्ताच सांग, तिथे पिक्सेल पावणेदोन पटीपेक्षा जास्त होतात आणि मग ८ जीबीत मी जाणार नाही.

बी५८० कार्ड म्हणून चांगलं आहे, मलाही आवडतं, पण दोन अटी. रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बायोसमधली सेटिंग) चालू असलंच पाहिजे, नाहीतर कार्ड रडतं. ते तुझ्या बोर्डवर आहे. दुसरी अट अडचणीची, त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त ओझं टाकतो, त्यामुळे ५६०० सारख्या मधल्या प्रोसेसरबरोबर काही गेममध्ये बराच फटका बसतो. तुझा रोजचा खेळ व्हॅलोरंट आणि सीएस२, जिथे आधीच प्रोसेसरवर ताण, तेव्हा तुझ्यासाठी ७६०० बरं.

डीएलएसएस (लहान चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी एनव्हिडियाची युक्ती) नाही मिळणार ७६०० वर, ते फक्त आरटीएक्सवर चालतं. एएमडीचं तसलंच एफएसआर मिळेल, १०८०पी ला ते जरा धूसर दिसतं, क्वालिटीच्या खाली नेऊ नकोस. आणि फ्रेम जनरेशन (मधल्या जास्तीच्या फ्रेम कार्डने स्वतः बनवून घालणं) सायबरपंकला ठीक, पण ज्या गेममध्ये समोरच्याला आधी गोळी मारायची असते तिथे नाही, आकडा वाढलेला दिसतो पण हाताला उशीर जाणवतो.

पंखा_फुल_स्पीड

कॅबिनेटचं मी सांगतो, माझा लाडका विषय. काच वाईट नाही, काच *पुढे* वाईट. सहा पंखे लावले तरी ते हवा ओढणार कुठून? काचेला नाक लावून श्वास घेऊन बघ. बाजूला काच असू दे, लाइट दिसेल, हौस भागेल, पण पुढे जाळी पाहिजे. पुढे दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, बस. वाचलेल्या पैशात हवं तर एक लाइटची पट्टी लाव, मी कोणाला सांगणार नाही.

अर्धवट_लोड

ठरलं मग. ५६००, बी५५०, ७६००, ८-८ ची रॅम, एक टीबी एनव्हीएमई, ६५० वॅटचा एसएमपीएस (टेस्ट केलेला, सात वर्षं वॉरंटी), पुढे जाळी बाजूला काच. बोर्ड एटीएक्स ऐवजी छोटा मायक्रो एटीएक्स घेतला म्हणून ६५० बसला. पुढच्या आठवड्यात सगळं हातात येईल. जोडताना काय सांभाळायचं?

वॅट_मोजा

घाई करायची नाही. मागच्या पोर्टभोवती बसणारी ती पत्र्याची आयओ शील्ड, काही बोर्डना आधीच लावलेली असते, नसेल तर ती कॅबिनेटला *आधी* लावायची, सगळ्यात आधी, बोर्ड स्क्रूने बसवायच्या आधी. प्रत्येक जण एकदा विसरतो.

प्रोसेसर, रॅम, एसएसडी बोर्ड बाहेर असतानाच लाव. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाला जुळव आणि नुसता ठेव, दाबायचं नाही, या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, एक वाकली की दिवस गेला. रॅमच्या चार जागा असतील तर प्रोसेसरपासून दुसरी आणि चौथी. एसएमपीएसच्या ८ पिनच्या केबल दोन प्रकारच्या असतात, 'सीपीयू' लिहिलेली बोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, 'पीसीआयई' लिहिलेली कार्डला. बसत नसेल तर जोर लावू नकोस, चुकीची आहे ती.

अर्धवट_लोड

मंडळी वाचवा. सकाळपासून जोडतोय, आत्ता सुरू केला. पंखे फिरतायत, लाइट लागल्यात, कार्डचे पंखे एकदा फिरून थांबले, स्क्रीन काळी. सिग्नल नाही म्हणतंय. हात थरथरतायत. काही जाळलं का मी?

पंखा_फुल_स्पीड

जळलं असतं तर वास आला असता. एचडीएमआय कुठे लावलीस, बोर्डला की कार्डला?

अर्धवट_लोड

कार्डलाच, तेवढं वाचलं होतं.

सॉकेट_शोधक

कार्डचे पंखे थांबणं नॉर्मल आहे, गरम झाल्याशिवाय ते फिरत नाहीत. बोर्डवर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतील, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. कुठला पेटून राहिलाय?

अर्धवट_लोड

डीरॅम. पिवळा.

थर्मल_पेस्ट

मग घाबरण्यासारखं काही नाही, ९० टक्के वेळा रॅम नीट बसलेली नसते. मागून स्विच बंद कर, पॉवर बटण एकदा दाबून धर म्हणजे उरलीसुरली वीज जाईल. दोन्ही स्टिक काढ. तुझ्या बोर्डवर क्लिप एकाच बाजूला आहे का बघ, बऱ्याच बोर्डवर दुसऱ्या टोकाला क्लिपच नसते, त्यामुळे एका बाजूने टक् वाजलं की वाटतं बसली, आणि दुसरं टोक वरच राहिलेलं असतं. दोन्ही टोकं अंगठ्याने दाब, वाटतं त्यापेक्षा जास्त जोर लागतो. आधी एकच स्टिक लावून बघ.

अर्धवट_लोड

आलं!!! स्क्रीनवर आलं!!! बिनक्लिपचं टोकच वर होतं, उघड्या डोळ्यांनी दिसत होतं आणि मी अर्धा तास कार्ड काढून लावून करत होतो. ताई तुमचे उपकार. आता दोन्ही स्टिक लावल्यात, १६ जीबी दाखवतोय. पण वेग २६६६ म्हणतोय, मी ३२०० ची घेतली होती, फसवलं का मला?

सॉकेट_शोधक

नाही रे. बायोसमध्ये जा, रॅमच्या छापील वेगाचं एक्सएमपी नावाचं प्रोफाइल असेल (काही बोर्डवर डीओसीपी लिहितात), ते चालू कर, सेव्ह कर. सगळ्यांना करावं लागतं, अर्धे लोक आयुष्यभर करत नाहीत. तिथेच आहेस तर रिसायझेबल बार चालू आहे ना बघ, आणि टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग पण, विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याशिवाय उघडणार नाही.

आणि विंडोज टाकून झाल्यावर डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ निवड. आपोआप ६० वरच राहतं. माझ्या एका मित्राने वर्षभर १४४ चा मॉनिटर ६० वर वापरला आणि म्हणायचा काही फरक नाही बुवा, सगळी मार्केटिंग आहे.

अर्धवट_लोड

३२०० झालं. १४४ पण झालं, एचडीएमआयवर १२० च दाखवत होतं, डिस्प्लेपोर्टची केबल लावल्यावर मिळालं. सीएस२ मध्ये दोन मॅच खेळलो, १४४ च्या खाली फार क्वचित जातंय, कार्ड ६० डिग्रीच्या आसपास, आवाज जवळजवळ नाहीच. सायबरपंक डाउनलोड होतंय. एवढी वर्षं त्या लॅपटॉपवर काय करत होतो मी.

फक्त एक. टेबल आवरताना बोर्डच्या रिकाम्या डब्याखाली एक पातळ चौकोनी पत्रा सापडला, त्याला वेगवेगळ्या आकाराची भोकं आहेत, गोल, चौकोनी, एक लांबट.

वॅट_मोजा

सांगितलं होतं.

पंखा_फुल_स्पीड

😂 सगळे स्क्रू, सगळ्या केबल, कार्ड, बोर्ड, सगळं परत बाहेर. चल, लाग कामाला.

अर्धवट_लोड

सायबरपंक ४० टक्के झालंय. ते झालं की काढतो.